भिरंड, हिंग आणि हुर्राक युरोपच्या कागदावर नेणारा गोव्याचा वैद्य

बेळगावहून रोज भाजीच्या गाड्या चोर्ला घाट उतरून गोव्यात जातात. बटाटा, टोमॅटो, मिरची, कोबी, काय हवं ते. परतीच्या वाटेनं काजू, नारळ, भिरंडाची सोलं वर येतात. आपल्याला या देवघेवीत काही नवल वाटत नाही. पण जरा थांबून बघा. बटाटा, टोमॅटो, मिरची आणि काजू ही चारही मंडळी मूळची अमेरिका खंडातली. गेल्या पाचशे वर्षांत कधीतरी जहाजातून आपल्याकडे उतरली आणि इथलीच होऊन गेली. बटाटा आणि काजू हे शब्दसुद्धा आपण पोर्तुगिजांकडूनच घेतले.

मी शिकलो कॉमर्स. जमेची बाजू दिसली की नावेची बाजू शोधायची सवय लागलेली. इतकं सगळं आलं, मग आपल्याकडून काय गेलं? आणि ते गेल्याची नोंद ठेवली कुणी? या प्रश्नाच्या मागे गेलं की एक नाव समोर येतं, गार्सिया द ओर्ता. पणजीला मोठ्या चर्चजवळ जी नगरपालिकेची बाग आहे, ती याच्याच नावानं ओळखली जाते. बसची वाट बघत आपल्यातले कितीतरी जण तिथं बाकावर बसून गेले असतील. हा माणूस कोण होता, त्यानं काय केलं आणि मेल्यावर बारा वर्षांनी त्याची हाडं का जाळली गेली, ही हकिकत सांगण्यासारखी आहे.

सरहद्दीवरचं गाव

ओर्ताचा जन्म १५००च्या सुमाराचा, पोर्तुगालमधल्या कास्तेलो द विद या गावचा. हे गाव स्पेनच्या सीमेला लागून. म्हणजे तोही आपल्यासारखा सीमाभागातलाच. आईवडील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीनं ज्यूंना देशाबाहेर घालवलं, तेव्हा हे कुटुंब सरहद्द ओलांडून पोर्तुगालमध्ये आलं. पण तिथंही पाच वर्षांतच, १४९७ मध्ये, सगळ्या ज्यूंना सक्तीनं ख्रिस्ती करण्यात आलं. अशा लोकांना 'नवख्रिस्ती' म्हणत. कागदोपत्री ख्रिस्ती, पण शेजारीपाजारी आणि सरकार यांची नजर कायम संशयाची. ओर्ता याच शिक्क्यासह जन्मला.

वडील व्यापारी होते. मुलाला त्यांनी स्पेनमध्ये सालामांका आणि आल्काला या विद्यापीठांत शिकायला पाठवलं. वैद्यकाची पदवी घेऊन तो परत आला, काही दिवस गावात आणि मग लिस्बनमध्ये वैद्यकी केली, तिथल्या विद्यापीठात शिकवलंही. त्या काळी वैद्यक म्हणजे ग्रीक आणि अरबी ग्रंथांचं पाठांतर. गॅलन आणि डायोस्कोरिडिस यांनी हजार-चौदाशे वर्षांपूर्वी जे लिहिलं, तेच प्रमाण. दालचिनी, मिरी, वेलची, हिंग ही औषधं युरोपच्या दुकानात मिळत, पण ती कुठल्या झाडाची, ताजी असताना कशी दिसतात, हे शिकवणाऱ्यांनीही पाहिलेलं नसायचं.

ब्राझीलहून आलेला कप्तान

१५३४ च्या मार्चमध्ये ओर्ता लिस्बनहून हिंदुस्थानला निघाला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गोव्यात पोचला. वय तिशी ओलांडलेलं. तो ज्याच्या आरमाराचा वैद्य म्हणून आला, त्या मार्तीं अफोंसो द सोझाची गोष्टही या हिशेबात धरायला हवी. सोझा आदल्याच वर्षी ब्राझीलहून परतला होता. १५३२ मध्ये त्यानं तिथं सांव व्हिसेंत ही वसाहत वसवली आणि उसाचा कारखाना उभा केला. ऊस हे आशियातलं पीक. अरबांच्या हातून ते भूमध्य समुद्रापर्यंत गेलं, तिथून अटलांटिकमधल्या बेटांवर आणि मग ब्राझीलमध्ये. एका खंडातलं पीक दुसऱ्या खंडात लावणारा हा कप्तान पुढच्याच वर्षी एका वैद्याला घेऊन गोव्याला आला. पृथ्वीची दोन टोकं एकाच राज्याच्या गलबतांनी जोडली जात होती, ती अशी.

गोवा पोर्तुगिजांनी १५१० मध्ये घेतलं होतं. सुरुवातीची चार वर्षं ओर्ता सोझाबरोबर पश्चिम किनाऱ्यावरच्या मोहिमांत फिरला. गुजरातचा सुलतान बहादूरशहा आणि सोझा यांची बरी दोस्ती होती. त्या सुलतानानं सोझाला सांगितलेली एक गंमत ओर्तानं पुढं लिहून ठेवली: रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान बघून यावंसं वाटलं की सुलतान थोडी भांग खायचा, एवढ्यावर काम भागायचं.

१५३८ मध्ये सोझा पोर्तुगालला परत गेला, ओर्ता मात्र गोव्यातच राहिला. तिकडे १५३६ पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झालं होतं. १५४७ मध्ये त्याच्या बहिणींना लिस्बनमध्ये अटक झाली. सुटल्यावर त्या आईसह गोव्याला भावाकडे आल्या. गोव्यात तेव्हा असं न्यायालय नव्हतं. तेवढाच निवारा.

अहमदनगर आणि मुंबई

गोव्यात ओर्ताचा जम चांगला बसला. गव्हर्नर, व्हाइसरॉय त्याच्याकडून औषध घेत. इस्पितळात त्याचं जाणं-येणं असे. व्यापारातही त्याचा पैसा होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा खास घरोबा. त्याच्या उपचारासाठी तो अनेकदा घाट चढून अहमदनगरला गेला. तिथं निजामशहाच्या पदरी अरब आणि इराणी हकीम होते. त्यांच्याशी चर्चा करताना औषधांची अरबी-फारसी नावं आणि दख्खनी नावं त्यानं ताडून पाहिली.

१५५४ च्या सुमाराला मुंबई बेट त्याला खंडानं मिळालं. आज जिथं फोर्ट भागात नौदलाची हद्द आहे, त्याच बाजूला त्याचा वाडा आणि बाग होती असं मानलं जातं. पुढं शंभरेक वर्षांनी हेच बेट पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात इंग्रजांना आंदण गेलं. तिथं ओर्ताचं एक आंब्याचं झाड होतं, वर्षातून दोनदा फळणारं. त्याच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. गोव्यातल्या घराच्या व्हरांड्यातून दोन लहान होड्या येताना दिसतात. चाकर बघून येतो आणि सांगतो की मुंबईचा कूळ आलाय, गव्हर्नरला भेट द्यायला आंब्यांची करंडी घेऊन. मुंबईहून गोव्याला साहेबाकडे आंबे पाठवायची रीत साडेचारशे वर्षांहून जुनी आहे तर!

हे सगळं सांगताना दुसरी बाजूही सांगायला हवी. ओर्ता काही संत नव्हता. परक्या सत्तेच्या आश्रयानं मोठा झालेला जमीनदार आणि व्यापारी होता. त्याच्या घरात गुलाम होते. ज्या राज्याच्या तोफांनी हा किनारा घेतला, त्याच राज्याच्या सावलीत त्याची बाग फुलली.

वैद्य, दासी आणि एक पुस्तकी पाहुणा

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात त्याचं पुस्तक छापून झालं. विषय हिंदुस्थानातल्या वनस्पती, औषधं आणि फळं. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. पुस्तकात छपाईच्या चुका इतक्या की शेवटी लांबलचक शुद्धिपत्र जोडावं लागलं. सुरुवातीला लुईश द कामोंइशची एक कविता आहे. हाच पुढं पोर्तुगालचा राष्ट्रकवी झाला, पण त्याची छापलेली पहिली कविता ती गोव्यातल्या या पुस्तकातली.

पुस्तक लॅटिनमध्ये न लिहिता ओर्तानं पोर्तुगीजमध्ये लिहिलं, आणि तेही गप्पांच्या रूपात. जवळपास साठ संवाद. रुआनो नावाचा एक काल्पनिक स्पॅनिश डॉक्टर नुकताच गोव्यात उतरलाय, त्याला सगळं जुन्या ग्रंथांतून पाठ आहे. ओर्ता त्याला झाडं, फळं, मुळं दाखवतो. रुआनो ग्रंथ काढतो, ओर्ता फळ काढतो. खरं तर रुआनो म्हणजे तरुणपणीचा ओर्ताच म्हणायचा. स्पेनमध्ये असतो तर ग्रीकांविरुद्ध ब्र काढायची हिंमत झाली नसती, हे तो स्वतःच कबूल करतो. इथं त्यानं स्वतःच्या डोळ्यांवर आणि जिभेवर भरवसा ठेवला.

पण डोळे आणि जीभ पुरेशी नव्हती. नाव सांगणारं, झाड ओळखणारं, कसं रांधायचं ते दाखवणारं कुणीतरी लागतंच. त्याच्या पुस्तकात आंतोनिया नावाची दासी फळं, फांद्या आणून दाखवते. मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन आपलं मत सांगतो. एकाच वस्तूला अरब काय म्हणतात, गुजराती काय म्हणतात, मलबारात काय नाव आणि दख्खनात काय, हे तो जागोजागी नोंदवतो. ग्रंथातलं नाव चुकलंय आणि बाजारातलं बरोबर आहे, असं दिसलं तर बाजाराची बाजू घेतो.

आपल्या ताटातल्या नोंदी

या नोंदींत आपली ओळखीची मंडळी भेटतात.

भिरंड, म्हणजे आपलं कोकम, त्याच्या पुस्तकात बोराबरोबर एकाच संवादात आहे. आतून रक्तासारखं लाल, चवीला आंबट, रंगाऱ्यांच्या कामाचं. वाळवलेली साल व्हिनेगरच्या जागी चालते आणि काहींनी ती पोर्तुगाललाही नेली होती, असं तो लिहितो. कर्मळ, म्हणजे करंबळ, तर नावासकट गेलं. युरोपात या फळाला कारांबोला म्हणतात, तो शब्द मराठीतून पोर्तुगीजमध्ये गेला असं कोशकार सांगतात.

हिंगावर तो बरंच लिहितो. वास त्याला अजिबात सोसवत नव्हता, पण इथले लोक भाजीत घालतात ती हिंग चवीला वाईट नाही, हे त्यानं मान्य केलं. विजयनगरचा एक किस्सा त्यानं दिलाय. एका पोर्तुगिजाकडे उमदा घोडा होता, पण पोटात वायू धरायचा, म्हणून राजा विकत घेईना. मालकानं पिठात हिंग कालवून घोड्याला चारली, घोडा बरा झाला, राजानं घेतला. औषध कोणतं, असं विचारल्यावर हिंगेचं नाव ऐकून राजा म्हणाला की मग यात आश्चर्य काय, तू त्याला देवांचं अन्न दिलंस. पोर्तुगीज मात्र आपल्या भाषेत पुटपुटला की हे तर सैतानांचं अन्न.

हिरव्या बिब्ब्यांचं मिठातलं लोणचं बाजारात विकतात, त्याला अचार म्हणतात, आणि आमच्याकडे जसे ऑलिव्ह विकतात तसंच ते, अशी नोंद आहे. नारळाचं दूध काढून त्यात भात शिजवतात, कोंबडी आणि मांसाचं कालवण करतात, त्याला कारील म्हणतात, हेही आहे. जगभर आज ज्याला करी म्हणतात, त्या शब्दाच्या युरोपीय लिखाणातल्या जुन्या नोंदींपैकी ही एक.

मोडशी हा शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी असायचा. ओर्तानं हा रोग गोव्यात जवळून पाहिला. इथले लोक याला मोरशी म्हणतात आणि आम्ही बिघडवून मोर्देशी म्हणतो, असं तो सांगतो. पटकीचं आधुनिक युरोपीय वैद्यानं केलेलं हे अगदी सुरुवातीचं वर्णन म्हणून वैद्यकाच्या इतिहासात त्याचं नाव घेतात. आणि उपचार? इथले वैद्य रोग्याला मिरी-जिरं घातलेलं तांदळाचं पाणी पाजतात, त्याला कांजी म्हणतात. शरीरातलं गेलेलं पाणी भरून काढायचं, हाच आजही पटकीवरचा मुख्य उपाय आहे. ही जाण आपल्या पेजेच्या भांड्यात होती.

आता हुर्राकाकडे येऊ. माडाची सूर काढतात आणि ती गाळून जे होतं त्याला ओर्राका म्हणतात, असं ओर्ता लिहितो. आज गोव्यात एप्रिल-मे महिन्यात हुर्राक मागितली तर काय मिळतं? काजूच्या बोंडूची पहिल्या धारेची दारू. काजू आला ब्राझीलमधून, पोर्तुगीज जहाजातून. क्रिस्तोव्हांव द कोश्ता या दुसऱ्या वैद्यानं १५७८ च्या पुस्तकात कोचीनच्या बागांमधलं काजूचं झाड वर्णिलं. ओर्ताच्या काळात माडाच्या दारूला लागणारं नाव पुढं ब्राझीलच्या फळाला मिळालं. नाव तसं अरबी मुळाचं. म्हणजे एका ग्लासात अरबस्तान, ब्राझील आणि गोवा असे तिघं बसलेत.

त्याच्या चुकाही आहेत. पांढरी मिरी आणि काळी मिरी वेगवेगळ्या वेलींची, असं त्याला वाटायचं. पण चूकसुद्धा त्यानं स्वतःच्या नावावर लिहिली, जुन्या ग्रंथाच्या आड लपून नाही.

युरोपात गेलेलं पुस्तक

पुस्तक निघाल्यानंतरच्या वर्षी, १५६४ मध्ये, क्लुसिउस नावाचा मोठा वनस्पतीशास्त्रज्ञ स्पेन-पोर्तुगालच्या दौऱ्यावर होता. गोव्यात छापलेलं हे पुस्तक त्याच्या हाती लागलं. त्यानं त्याचा लॅटिन संक्षेप केला, चित्रं घातली आणि १५६७ मध्ये तो अँटवर्पला छापला. लॅटिन म्हणजे तेव्हाची विद्वानांची भाषा. तिथून इटालियन, फ्रेंच भाषांतरं झाली. वर ज्याचा उल्लेख आला त्या द कोश्तानंही आपल्या स्पॅनिश पुस्तकासाठी ओर्ताकडून भरपूर घेतलं. शंभरएक वर्षं युरोपला हिंदुस्थानच्या औषधांची आणि फळांची माहिती मुख्यतः याच ओघातून मिळाली.

पण संक्षेप करताना क्लुसिउसनं गप्पा काढून टाकल्या. माहिती राहिली, माणसं गेली. फळ आणणारी आंतोनिया गेली, मत देणारा मालुपा गेला. युरोपच्या वहीत माल जमा झाला, पण तो कुणाकडून आला याचा रकाना कोराच राहिला.

स्वयंपाकघरावरची पाळत

इकडे गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं होतं. नवख्रिस्त्यांवर पाळत ठेवताना हे न्यायालय लोकांच्या ताटात डोकवायचं. डुकराचं मांस टाळतात का, शनिवारी चूल पेटते का, उपास कोणत्या दिवशी करतात, यावरून माणूस मनातून ज्यू आहे की नाही हे ठरवायचं. जो माणूस सगळ्या जातीधर्मांच्या ताटात काय आहे हे कुतूहलानं लिहीत होता, त्याच्याच घरचं ताट पुरावा म्हणून तपासलं जाण्याची ही वेळ.

ओर्ता १५६८ मध्ये गोव्यात वारला. जिवंतपणी त्याला हात लागला नाही, बडे लोक त्याचे रोगी होते. पण त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांत, त्याच वर्षी, बहीण कातारिनाला अटक झाली. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जिवंत जाळलं. नातेवाइकांच्या जबान्यांतून ओर्ताचंही नाव आलं, की तोही मनातून जुनाच धर्म पाळत होता. खटला मेलेल्या माणसावर चालला. ४ डिसेंबर १५८० रोजी त्याची हाडं थडग्यातून काढून जाहीरपणे जाळली.

तोवर त्याचं पुस्तक अँटवर्पला पोचून तेरा वर्षं झाली होती. हाडं जाळता आली, छापलेलं परत आणता आलं नाही. मूळ गोव्याच्या छपाईच्या प्रती मात्र फारच थोड्या उरल्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिकाल्यो नावाच्या पोर्तुगीज अभ्यासकानं त्याचं चरित्र लिहिलं आणि पुस्तक टिपांसह पुन्हा छापलं. १९१३ मध्ये इंग्रजी भाषांतर झालं. खटल्याची कागदपत्रं तपासून घराण्याची खरी हकिकत लोकांसमोर आली ती त्याही नंतर, १९३४ मध्ये.

हिशेब

आपण सीमेवरची माणसं. आपल्या ताटात एका राज्याची भाकरी, दुसऱ्याचा मासा आणि तिसऱ्याचं आमसूल असतं, आणि तरी हा पदार्थ आमचा की तुमचा यावर आपण भांडतो. ओर्ताचं पुस्तक बघितलं की कळतं, पदार्थाला सरहद्द कधी नव्हतीच. हिंग इराण-अफगाणिस्तानकडची, भांडं विजयनगरचं, लिहिणारा सक्तीनं ख्रिस्ती केलेल्या ज्यू घरातला, ओळख करून देणारा इथला वैद्य. सरहद्दी माणसांनी माणसांवर लादल्या. दोन देशांनी बाहेर ढकललेलं एक कुटुंब तिसऱ्या ठिकाणी येऊन राहिलं, तिथंही त्या आगीनं गाठलंच.

पुढच्या वेळी पणजीला गेलात की त्या बागेत पाच मिनिटं बसा. आणि घरी सोलकढी वाढताना ओर्ताबरोबर मालुपा आणि आंतोनिया यांचीही आठवण ठेवा. भिरंड कसं ओळखायचं, कसं वापरायचं, हे ओर्ताला अशाच इथल्या माणसांनी सांगितलं होतं.